ग्रॅनी स्क्वेअरमधला चेहरा तिरका, फुगलेला किंवा अनोळखी दिसतोय? डोळे उसवण्याआधी हे तपासा

क्रोशाच्या चौकोनात, म्हणजे ग्रॅनी स्क्वेअरमध्ये, मांजर, अस्वल, ससा किंवा मुलांच्या आवडीच्या एखाद्या कार्टूनचा चेहरा बसवायचा म्हटलं की काही तक्रारी ठरलेल्या असतात. बारशाच्या दुपट्यासाठी किंवा पाळण्यातल्या पांघरुणासाठी केलेले असे चौकोन माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा सोबत निदानही आलेलं असतं: "डोळे जमले नाहीत हो, तेवढे काढून परत भरून द्या." प्रत्यक्षात दोष डोळ्यांत क्वचितच असतो. तो असतो डोळ्यांखालच्या गोलात, नाहीतर त्या गोलाला जिथून कोपरे काढले त्या एका फेरीत. डोळे उसवून पुन्हा भरले तरी चेहरा तसाच राहतो, वर पांढऱ्या लोकरीत काळे तंतू अडकून बसतात ते निघत नाहीत. म्हणून आधी कात्री बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त येणारा चेहरा घेते, हॅलो किटीचा. जपानच्या सान्रिओ कंपनीचं हे १९७४ सालचं पात्र. दोन काळे डोळे, पिवळं नाक, दोन्हीकडे तीन-तीन मिशा, तोंड नाहीच, आणि तिच्या डाव्या कानावर, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, लाल बो. चेहऱ्यात इतक्या कमी गोष्टी असल्या की एकही टाका लपत नाही. अस्वल, पांडा, ससा यांनाही खालचं सगळं जसंच्या तसं लागू आहे.

लक्षणं

तुमच्या चौकोनाला यांतलं काय लागू पडतं ते आधी ठरवा.

- चौकोन सरळ ठेवला तरी चेहरा मान कलती केल्यासारखा दिसतो.
- चेहरा वाटीसारखा फुगून वर येतो, किंवा उलट, त्याच्या कडेला झालर पडते.
- चौकोनाच्या बाजू आत ओढल्या जातात आणि कोपरे टोकदार होतात. किंवा कोपरे भरतच नाहीत, चौकोन गोलसरच राहतो.
- सगळं मोजून केलेलं असतं, पण मूल ओळखत नाही. मांजर आहे की उंदीर, असा प्रश्न पडतो.
- पांढऱ्या चेहऱ्यातून मागचा काळा-लाल धागा दिसतो, किंवा धुतल्यावर रंग उतरतो.
- चेहऱ्याचा चौकोन दुपट्यातल्या बाकीच्या चौकोनांपेक्षा लहान-मोठा येतो.

मी 'खांब' म्हणते तो हुकावर एकदा लोकर गुंडाळून घातलेला नेहमीचा खांब. न गुंडाळता घालतो तो मुका खांब, दोनदा गुंडाळून घालतो तो लांब खांब. अर्धा खांब उंचीला मुका खांब आणि खांब यांच्या मधला.

पहिली तपासणी: घडी घाला

याला खर्च नाही आणि मिनिटभराचं काम आहे. चौकोन उभा मधोमध दुमडा, डाव्या कडेवर उजवी कड येईल असा. आता एका डोळ्याच्या मधून टाचणी आरपार घाला. ती दुसऱ्या डोळ्याच्या मधूनच बाहेर आली पाहिजे. कानांच्या मुळाशी तसंच करून बघा.

ही घडी तुम्हाला पुढचं अर्धं काम वाचवून देते. कान जुळले आणि डोळे जुळले नाहीत, तर फक्त डोळे हलवायचे आहेत. डोळे आणि कान दोन्ही एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेले असतील, तर चेहऱ्यात काहीच चूक नाही. चुकलेत ते चौकोनाचे कोपरे, आणि डोळे कितीही वेळा भरले तरी उपयोग व्हायचा नाही. सगळं तंतोतंत जुळतंय आणि तरी चेहरा ओळखू येत नाही, तर प्रश्न प्रमाणाचा आहे. त्याकडे नंतर येते.

नाकडोळे अजून भरलेच नसतील, तर चौकोन टेबलावर ठेवून चारही बाजूंनी फिरवून बघा. जी बाजू वर घेतल्यावर गोलाचा सांधा, म्हणजे फेरी जिथे जोडली ती जागा, हनुवटीखाली किंवा कानामागे जातो, ती वरची बाजू.

दुसरी: सुलटी बाजू कोणती?

बोटाने टाके चाचपा. सुलट्या बाजूला प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर वेणीसारखे तिरपे पेर दिसतात आणि खांब गुळगुळीत लागतो. उलट्या बाजूला त्याच ठिकाणी आडवे, बारीक उंचवटे हाताला लागतात. गोल संपवून चौकोनाची फेरी सुरू करताना काम पालथं झालं असेल, तर गोलाच्या कडेला एक उठून दिसणारी रेघ येते आणि चेहरा एका बाजूचा, चौकट दुसऱ्या बाजूची, असं होतं. चौकोन विस्कटलेला दिसतो पण कारण सापडत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा ते हेच असतं.

डावखुऱ्यांसाठी इथेच सांगते. तुमच्या फेऱ्या उलट दिशेने फिरतात. नमुन्यात "अमुक टाके सोडून बो" असं लिहिलं असेल तर तुमचा बो दुसऱ्याच कानावर जाईल. टाके मोजू नका, चित्र बघून जागा ठरवा.

तिसरी: टाके मोजा

फुगणं आणि झालर पडणं, दोन्हींचं उत्तर मोजणीत आहे.

खांबाचा सपाट गोल १२ टाक्यांनी सुरू होतो आणि दर फेरीला १२ वाढतो: १२, २४, ३६, ४८. मुक्या खांबाचा गोल ६ ने सुरू होऊन ६ ने वाढतो. हे आकडे कुणी सोयीसाठी ठरवलेले नाहीत. त्रिज्या जितकी वाढते त्याच्या सव्वासहा पटीने परीघ वाढतो. मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच असतो, म्हणून दर फेरीला सहा टाके जास्त लागतात. खांबाची उंची साधारण दुप्पट, म्हणून बारा. वाढ कमी पडली की कडेला जागा पुरत नाही आणि मधला भाग वर उचलला जातो, तीच वाटी. वाढ जास्त झाली की कडेचा जादा भाग लाटा मारतो.

मोजणी सगळ्यात जास्त चुकते ती सांध्यापाशी. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब, हे बहुतेक नमुन्यांत गृहीत असतं. फेरी जोडताना स्लिप स्टिच, म्हणजे जोडायचा बुटका टाका, त्या तिसऱ्या साखळीत जायला हवी. ती शेजारच्या खांबात गेली तर साखळीचा माथा मोकळा राहतो आणि पुढच्या फेरीत तोही एक टाका म्हणून विणला जातो. याच्या उलटही होतं: फेरीचा पहिला खरा टाका स्लिप स्टिचच्या ओढीने दबून जातो. अंगठ्याने सांधा थोडा बाजूला सारला तर तिथे एक चपटं, घट्ट मिटलेलं तोंड दिसतं, तोच तो टाका. तो सुटला की एक कमी. चार फेऱ्यांत चार टाक्यांचा फरक पडतो आणि मग कोपरे समान अंतरावर येणं शक्यच नसतं.

मोजणी बरोबर असून गोल फुगत असेल तर हात घट्ट आहे. हुक अर्ध्या मिलिमीटरने मोठा घ्या, साडेतीनच्या जागी चार. हेही नसेल तर नमुना पुन्हा वाचा. इंग्रजी नमुन्यांत अमेरिकन आणि ब्रिटिश नावं वेगवेगळी आहेत. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, पण ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे मुका खांब. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' आला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. सहाच्या वाढीचा ब्रिटिश नमुना खांबांनी विणला की वाटी होते. चूक विणणारीच्या हाताची नसते, पण उसवायला तिलाच लागतं.

चौथी: पाणी आणि वाफ

थोडासा फुगवटा, किंचित आत ओढलेल्या बाजू, जरा वाकडे कोपरे हे सगळं उसवायच्या आधी ब्लॉक करून, म्हणजे हव्या मापात टाचून पाण्याने किंवा वाफेने बसवून, बघा. जाड टॉवेलखाली थर्माकोल किंवा योगा मॅट घ्या. हवं ते माप टेपने मोजून आधी चार कोपरे टाचा, मग बाजूंचे मध्य. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, पांढऱ्या चेहऱ्यावर पडलेला गंजाचा डाग जात नाही.

सुती धागा ओला करून, टाचून, पूर्ण वाळू द्यायचा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवला तरी वेळ लागतो. घाई करून ओलसर असताना काढला तर तो परत आपल्या जुन्या आकारात जातो. ॲक्रिलिकला वाफ लागते. इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून नुसती वाफ सोडायची, टेकवायची नाही. इस्त्री टेकली की ॲक्रिलिक मरतं. टाके लुळे आणि चकचकीत होतात, आणि ते परत जिवंत करायचा कुठलाही उपाय नाही.

लोकरीच्या लडीवरचा कागद हरवला असेल तर धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख मऊ पडते. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते.

ब्लॉक केल्यावर चौकोन सरळ झाला आणि टाचण्या काढल्यावर दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर इथेच थांबा. पुन्हा फुगला तर मोजणीकडे परत जा.

पाचवी: कोपरे घड्याळावर बसवा

कलत्या मानेचं खरं कारण इथे सापडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

४८ खांबांचा गोल म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. ४८ भागिले १२, म्हणजे एका तासाला चार टाके. कपाळाचा मध्य बारावर. चौकोनाची वरची बाजू आडवी हवी असेल तर कोपरे दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहावर यायला हवेत. बारापासून दीडपर्यंत सहा टाके. म्हणजे बाराच्या टाक्यावर खूण करा, तिथून सहावा टाका पहिला कोपरा, आणि पुढे दर बारावा टाका एकेक कोपरा. दोन्ही दिशांनी मोजून बघा, दोन्हीकडून सहाच यायला हवेत.

नमुने काय सांगतात? फेरी जिथे जोडली तिथूनच पहिला कोपरा काढा. मग आपण सांध्यालाच कपाळ समजून डोळे भरलेले असतील तर कोपरा थेट डोक्यावर येतो आणि चेहरा पतंगासारखा उभा राहतो. दुसरा त्रास सांधा सरकण्याचा. गोलात एकाच दिशेने विणल्यामुळे उजव्या हाताने विणणाऱ्यांचा सांधा फेरीगणिक थोडा थोडा उजवीकडे जातो. पहिल्या फेरीला बारावर असलेला सांधा चौथ्या फेरीला बारावर नसतो. म्हणून आतल्या फेरीपासून टाके मोजत बाहेर येऊ नका. वेगळ्या रंगाचा दोरा सुईत घेऊन गोलाच्या मध्यातून वरच्या कडेपर्यंत सरळ ओढा, पट्टी लावून. दुसरा दोरा आडवा. या दोन दोऱ्यांवरून बारा, तीन, सहा, नऊ ठरवा. चेहरा पूर्ण होईपर्यंत ते दोरे काढू नका.

कोपऱ्याची फेरी अशी: कोपऱ्याच्या टाक्यात दोन लांब खांब, दोन साखळ्या, दोन लांब खांब. मग दोन खांब, दोन अर्धे खांब, तीन मुके खांब, दोन अर्धे खांब, दोन खांब, आणि पुढचा कोपरा. कोपऱ्याचा एक आणि बाजूचे अकरा, मिळून बारा, म्हणजे गोलाचा बरोबर चौथा हिस्सा. चौकोनाचा कोपरा मध्यापासून बाजूच्या जवळपास दीडपट लांब असतो. ती कसर कोपऱ्यातल्या उंच टाक्यांनी भरायची आणि बाजूच्या मध्यावर बुटके टाके ठेवायचे. सगळीकडे सारखेच खांब घातले की बाजू फुगतात आणि कोपरे भरत नाहीत. कोपऱ्यातल्या साखळ्या विसरल्या की तो आत ओढला जातो. ही एक फेरी नीट झाली की पुढे नेहमीचे तीन-तीन खांबांचे ग्रॅनी गुच्छ घालता येतात.

चेहरा आधीच भरून झालाय आणि तो एका तासाने, म्हणजे चार टाक्यांनी, कलला असेल तर फक्त बाहेरच्या फेऱ्या कोपऱ्याच्या फेरीपर्यंत उसवा आणि कोपरे चार टाके सरकवून परत घाला. नाकडोळ्यांना हात लावावा लागत नाही. कान कोपऱ्यांच्या फेरीत विणलेले असतील तर ते उसवावेच लागतात. म्हणून कान गोलाच्या चौथ्या फेरीच्या टाक्यांच्या माथ्यावर जे दोन पेर असतात त्यांतल्या पुढच्या पेरातच विणावेत, चौकट मागच्या पेरातून काढावी, असं माझं ठाम मत आहे. कान मग स्वतंत्र उभे राहतात आणि चौकोनाला ओढत नाहीत. किटीचे कान साधारण साडेदहा ते साडेअकरा आणि साडेबारा ते दीड या पट्ट्यात बसतात.

सहावी: ओळख का पटत नाही

आता प्रमाण. कोनराड लॉरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं की मोठं कपाळ, चेहऱ्यावर खाली आलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल अशी लहानग्यांची ठेवण बघितली की आपल्याला माया वाटते. मुलांच्या पात्रांत हेच प्रमाण दिसतं. आपण मात्र सवयीने डोळे मध्याच्या वर आणि जवळजवळ भरतो. मग ती किटी न राहता मोठ्या माणसाचा चेहरा होतो.

किटीची दुसरी अडचण म्हणजे तिचा चेहरा आडवा लंबगोल आहे आणि आपला गोल गोलच. ती रुंदी डोळ्यांच्या अंतरातून आणावी लागते. घड्याळावर सांगायचं तर डोळे तिसऱ्या फेरीत, साडेआठ आणि साडेतीनवर. नाक पहिल्या फेरीच्या खालच्या कडेला, सहावर, आडवं. नाक डोळ्यांपेक्षा किंचितच खाली असतं. ते फार खाली नेलं की मांजराचं अस्वल होतं. मिशा गोलाच्या कडेबाहेर जाऊ द्या, चेहरा आणखी रुंद वाटतो.

भरायच्या आधी काळ्या कागदाचे गोल कापून टाचणीने लावा, फोटो काढा आणि तो मोबाईलवर लहान करून बघा. डोळ्यांना जे जाणवत नाही ते लहान फोटोत लगेच दिसतं. घरात मूल असेल तर त्याला दाखवा. ते लगेच सांगतं.

भरताना बोथट टोकाची सुई घ्या आणि टाक्यांमधल्या भोकातून नेण्याऐवजी लोकरीच्या धाग्याच्या मधून न्या. भोकातून नेला तर डोळा आत बुडतो आणि धुतल्यावर जागा सोडतो. एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे काळा धागा मागून ओढत नेऊ नका, पांढऱ्यातून तो सावलीसारखा दिसतो. दोन्ही डोळ्यांना वेगळे धागे, वेगळ्या गाठी.

सातवी: रंग आणि माप

काळा आणि लाल धागा वापरायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर तो धागा बाळाच्या वस्तूला नको, मग तो कितीही छान असो.

चेहऱ्याचा चौकोन भरीव असतो आणि जाळीदार ग्रॅनी चौकोनापेक्षा कमी ताणला जातो, म्हणून मापात फरक पडतो. दोन्ही ब्लॉक करा, मग मोजा. लहान असेल तर मुक्या खांबाची एक फेरी जास्त घाला. मोठा असेल तर चेहऱ्याचा गोल अर्धा मिलिमीटर लहान हुकाने परत विणा.

कुठे थांबायचं

चौकोन दुपट्यात जोडलेला आहे आणि गोल जिथून सुरू झाला त्या मधल्या रिंगचा धागा तुटलाय, तर स्वतः ओढू नका. भोक मोठं होत जातं. सुटलेल्या टाक्यांत एक पिन अडकवून ठेवा आणि अनुभवी क्रोशे करणारीकडे किंवा लोकरीचं काम करणाऱ्या रफूगाराकडे न्या. आजीच्या हातचं जुनं काम असेल, धागा कुठला ते कळत नसेल, तर पाणी आणि वाफ दोन्ही टाळून आधी दाखवून घ्या. रंग उतरला असेल तर इस्त्री किंवा ऊन दाखवू नका. गरमीने डाग पक्का बसतो. ओलं असतानाच चांगल्या ड्रायक्लीनरकडे द्या. गरम पाण्यात आटून नमद्यासारखी झालेली खरी लोकर आणि इस्त्रीने मेलेलं ॲक्रिलिक कुणीच परत आणू शकत नाही, त्यावर पैसे घालवू नका, चौकोन नवा विणा.

तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी बटणाचे किंवा प्लॅस्टिकचे डोळे लावलेले असतील तर ते पक्के करून घेण्याच्या फंदात पडू नका. काढाच, आणि धाग्याने भरा. निघालेला डोळा मूल तोंडात घालतं.

घरच्या बाळासाठी विणताय तोवर ठीक, पण किटीचे चौकोन विकायला काढणार असाल तर तिचे हक्क सान्रिओकडे आहेत. तिथे क्रोशेवालीचा नाही, वकिलाचा सल्ला घ्या.

दुरुस्तीला देताना चौकोनासोबत उरलेली लोकर, हुकाचा नंबर आणि नमुन्याचा फोटो द्या. लोंबणारी टोकं कापू नका. तुटलेला टाका जोडायला तीच लागतात, आणि त्याच रंगाची लडी पुन्हा मिळेलच असं नाही.